उत्तरेची भिंत

"ज्यांना नवीन देऊळ हवंय त्यांनी हात वर करा," फादर लिगोरी म्हणाले आणि शाळेच्या हॉलमध्ये बघता बघता हातच हात दिसू लागले.

माझ्या शेजारी बसलेल्या सासूबाईंनीही हात वर केला. त्यांच्या पलीकडे माझे सासरे, बस्त्याव मेस्त्री, दोन्ही पंजे काठीच्या मुठीवर ठेवून बसले होते. त्यांनी हात हलवला नाही. मेस्त्रीचं मत विचारायचं असतं, मोजायचं नसतं, असा त्यांचा खाक्या होता. माझाही हात खालीच राहिला. पण मी काही मेस्त्री नव्हते. रेवदंड्याहून लग्न करून सहाच वर्षांपूर्वी खारतळ्यात आलेली सून होते, आणि अशा नव्या सुनेने गावच्या सभेत गप्प बसायचं असतं हे मला चांगलं ठाऊक होतं.

ही अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट. आमचा उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारानंतरचा पहिला रविवार होता. आम्ही वसईकडचे ख्रिस्ती चर्चला देऊळच म्हणतो, आणि आमचं सांत आनाचं, म्हणजे येशूच्या आजीचं, देऊळ चारशे वर्षांचं आहे. पोर्तुगीज पाद्रींनी आखलं आणि आमच्याच गावच्या हातांनी बांधलं. दीड हात लांबीचे काळे दगड, माणूस आडवा झोपेल एवढ्या जाड भिंती, वेदीवर दगडी कमानीचं छत आणि त्यावर कोरलेली फुलं. लढायांच्या काळात एकदा लाकडी छप्पर जळालं, तेव्हा माणसांनी कित्येक वर्षं भर उन्हात मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, ऐकली, पण देऊळ सोडलं नाही. ते देऊळ आता आम्ही हात वर करून पाडायला निघालो होतो.

कारण होतं उत्तरेची भिंत. तिकडे देवळाला लागूनच गावाचं बावखल आहे, पावसाचं पाणी साठवायचं आमचं जुनं तळं. त्या बाजूची भिंत पायापासून छातीपर्यंत बारा महिने ओली असायची. गिलावा फुगला होता, तीन उभ्या भेगा पडल्या होत्या. मुंबईहून कर्णिक नावाचे इंजिनियर आले, त्यांनी सगळं तपासलं आणि लिहून दिलं की भिंत धोक्याची आहे, पावसाळ्याआधी देऊळ उतरवावं. फादरांनी लगेच नव्या देवळाचा नकाशा फळ्यावर लावला. काँक्रीटचं, हजार माणसं बसतील असं, चोवीस पंख्यांचं.

"कुणाला काही बोलायचंय?" फादरांनी नुसतं रीत म्हणून विचारलं.

मी उभी राहिले. आपण उभे आहोत हे मला सासूबाईंनी पदर ओढला तेव्हा कळलं.

"फादर, भिंत पडायला नाय आली," मी म्हटलं. "तिचा दम कोंडलाय."

मागून कुणीतरी हसलं. "कुणी कोंडला गो?"

"सिमेंटने," मी म्हटलं, आणि त्याच क्षणी जीभ चावली.

कारण देवळाला सिमेंट कुणी लावलं हे त्या हॉलमधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पंचवीस वर्षांपूर्वी घराघरातून एकेक गोणी सिमेंट आलं होतं. नवसाला मेणबत्ती द्यावी तसं लोकांनी सिमेंट दिलं होतं. आणि जुन्या चुन्यावर आतून-बाहेरून ते सिमेंट चढवलं होतं बस्त्याव मेस्त्रींनी, एक पैसा न घेता, सात महिने. त्या सेवेबद्दल सणाच्या मिरवणुकीत चांदीचा क्रूस पुढे धरायचा मान तेव्हापासून त्यांचा होता. गावात त्यांच्याएवढा मानाचा माणूस दुसरा नव्हता, आणि मी, त्यांच्या घरची सून, सगळ्या गावादेखत त्यांच्या हातच्या कामाला नाव ठेवून मोकळी झाले होते.

सगळ्या माना बाबांकडे, माझ्या सासऱ्यांकडे, वळल्या. बाबा उठले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. काठी टेकत ते दारातून बाहेर निघून गेले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

आता बसावं की रडावं हे मला कळेना. पण पुढच्या रांगेत बसलेले कर्णिक साहेब म्हणजे मोठा भला माणूस. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि विचारलं, "बाई, हे तुम्हाला कसं ठाऊक?"

"माझ्या बापाची खाडीकाठी चुनाभट्टी होती," मी म्हटलं. "शिंपल्या भाजून आम्ही चुना करायचो. चुन्याची भिंत पाणी पिते आणि उन्हात परत सोडून देते. हिला वरून सिमेंटचा रेनकोट चढवलाय. आतलं पाणी जाणार कुठे?"

लोक पुन्हा हसले, पण साहेब हसले नाहीत. ते म्हणाले, "तुमचं म्हणणं अगदीच चूक नाही. पण भेगा आहेत त्याचं काय? भिंत हलत असेल तर ती कुणाचं ऐकत बसणार नाही." मग त्यांनी एक तोड काढली. भेगांवर काचेच्या सात पट्ट्या आडव्या चिकटवायच्या. भिंत केसभर जरी हलली तरी काच तडकणार. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, पाच आठवड्यांनी ते परत येणार. सातही काचा साबूत आणि भिंत कोरडी, तर देऊळ राहील. एक जरी काच तडकली, किंवा ओल तशीच राहिली, तर ईस्टर झाल्यावर देऊळ उतरवायचं.

"कबूल?" साहेबांनी विचारलं.

"कबूल," मी म्हटलं, जसं काही देऊळ माझ्या बापाने हुंड्यात दिलं होतं.

खरं सांगायचं तर एका अर्थी दिलंच होतं. लग्न होऊन आले तेव्हा पहिले कित्येक महिने मला या गावात करमत नव्हतं. एके दिवशी देवळाची झाडलोट करताना वेदीमागच्या खोलीत एक कोपरा दिसला, तिथपर्यंत सिमेंट पोचलं नव्हतं. तिथल्या चुन्यात शिंपलीचे पांढरे कण चमकत होते. मी नखाने खरवडून जिभेवर ठेवलं आणि तिथेच उभ्या उभ्या रडले. माझ्या बापासारख्याच कुणीतरी, कुठल्यातरी खाडीकाठी, कुठल्यातरी भट्टीत तो चुना भाजला होता. त्या दिवसापासून हे गाव माझं झालं. आता ते देऊळ पाडलं तर या गावात मी परत नवखी होणार होते.

घरी गेले तर बाबा ओट्यावर पाठ करून बसलेले. त्या दिवसापासून त्यांनी माझ्याशी बोलणं बंद केलं. पाणी हवं असलं तरी सासूबाईंमार्फत, "तिला सांग." माझा नवरा रुझार भाईंदरच्या कारखान्यात पाळीवर जायचा. तो संध्याकाळी आला तोच कपाळाला आठ्या घालून.

"तुला गप्प बसता येत नाय का गो, तेरेज?"

"येतं की," मी म्हटलं. "आज नेमकं आलं नाय."

दुसऱ्या दिवसापासून मी छिन्नी-हातोडी घेऊन उत्तरेच्या भिंतीशी जायला लागले. सकाळची कामं उरकून दहाला जायचे ती दुपारी परतायचे. ते सिमेंट म्हणजे लोखंड होतं. आणि जोरात घाव घालायची सोय नव्हती, डोक्याच्या वर काचा चिकटवलेल्या. मी आपली पोपटाने पेरू टोकरावा तशी टोकरत बसायचे. पहिल्या दिवशी तळहाताएवढा तुकडा निघाला. बावखलावर धुणं धुणाऱ्या बायका विचारायच्या, "काय तेरेजबाय, पुढच्या साली संपेल ना?" मी म्हणायचे, "तुमच्या जिभा संपायच्या आधी संपेल." पण हाताला फोड आले होते आणि मनातून पाचावर धारण बसली होती.

तिसऱ्या दिवशी मागे काठीचा आवाज आला. बाबा. मला वाटलं, आता हातातली हातोडी काढून घेणार. मी न वळता काम करत राहिले.

त्यांनी मी काढलेला तुकडा काठीने उलटवून पाहिला. मग घसा खाकरून भिंतीलाच सांगावं तसे बोलले, "छिन्नी अशी उभी धरतात का? भेंडी चिरते काय? आडवी धर. कडेने घाल."

मी आडवी धरली. टीचभर खपली एका दमात निघाली.

"हां," बाबा म्हणाले आणि बावखलाच्या कठड्यावर जाऊन बसले.

मग ते रोज यायला लागले. हात लावायचे नाहीत, पण बसल्या जागेवरून माझी सालटी काढायचे. हातोडी मनगटातून मार, खांद्यातून नको. काचेखाली आलीस की थांब. पाचव्या दिवशी मात्र त्यांना राहवेना. हत्यार चुकीचं चालताना बघणं हे त्या माणसाला उपाशी राहण्यापेक्षा कठीण. "दे इकडे," म्हणून त्यांनी हातोडी ओढून घेतली आणि सत्तर वर्षांचा माणूस भिंतीला भिडला. एकेक ढपला निघाला की मागची बाजू मला दाखवायचे आणि अभिमानाने म्हणायचे, "बघ कसं पकडलंय! कुणाच्या बापाला निघालं नसतं." आपण मोडतोय ते आपलंच काम आहे, आणि ते सहजासहजी मोडत नाही, याचा त्यांना एकाच वेळी त्रासही होत होता आणि आनंदही. मी तोंडाला पदर लावून हसू दाबायचे.

दोन आठवड्यांत आम्ही दोघांनी मिळून भिंत छातीपर्यंत मोकळी केली. आत जुना चुना होता, आणि त्यावर ओळीने टाचे. सिमेंटला पकड मिळावी म्हणून पंचवीस वर्षांपूर्वी बाबांनीच हातोडीने मारलेले. बाबांनी त्यांवरून बोट फिरवलं.

भिंतीला ऊन लागलं, वारा लागला. आठ दिवसांत वरचा भाग काळ्याचा करडा आणि करड्याचा पांढरा झाला. बायका बावखलावरून उठून येऊन हात लावून बघायच्या. माझं तर जमिनीला पाऊल लागेना. सातही काचा जागच्या जागी होत्या.

पण खालची दोन हात उंचीची पट्टी वाळेना.

एक दिवस गेला, चार गेले, आठवडा गेला. सकाळी फडक्याने टिपावी, दुपारी परत ओली. मिठाचा पांढरा फुलोरा यायचा, तो झाडावा, परत यायचा. माझ्या बापाने शिकवलेलं होतं नव्हतं ते सगळं करून झालं. मी लाकडाच्या निखाऱ्यांची शेगडीसुद्धा भिंतीशी ठेवून पाहिली. चौथा आठवडा लागला तसा देऊळ उतरवल्यावर विकायचं छपराचं सागवान मोजायला एक माणूस आला आणि तुळ्यांवर खडूने आकडे लिहून गेला. आपण उगाच तोंड घातलं, सगळ्या गावात सासऱ्याचा पाणउतारा केला, आणि देऊळ ते देऊळ जाणारच, असं मला वाटायला लागलं.

आणि नेमके त्याच वेळी बाबा यायचे बंद झाले. दोन दिवस घरीच. अर्ध्या जेवणावरून उठायचे.

"त्यांच्या गळ्यात कायतरी अडकलंय," सासूबाई म्हणाल्या. "मासा खाल्ला नाय, तरी काटा अडकलाय."

गुरुवारी दुपारी मी जेवायला आले तर बाबांनी ओट्यावरून हाक मारली, "तेरेज, इकडे बस." सभेनंतर पहिल्यांदाच त्यांनी माझं नाव घेतलं होतं.

मी बसले. त्यांनी माझ्याकडे न बघता बोलायला सुरुवात केली.

"तिकडे खाली भोकं होती."

"कुठे?"

"भिंतीच्या पायात. मुठीएवढी. बाहेरच्या बाजूला उतार दिलेली. सांत आनाच्या नोव्हेनाच्या प्रार्थनेला एकदा त्यातून धामण निघाली आणि बायकांमध्ये शिरली. नुसती पळापळ. एक बाय पडली, तिचा हात मोडला. सगळे माझ्या मागे लागले, मेस्त्री, बुजवा. तेव्हा माझं सिमेंटचं काम चाललंच होतं. मी बुजवली. एकूण एकोणीस. दगड घट्ट बसवून, वरून सिमेंट."

"बाबा, ती पाणी जायची वाट होती," मी म्हटलं. "बावखलाचं पाणी पायात चढतं, ते बाहेर पडायची वाट."

"ठाऊक हाय."

"तेव्हाच ठाऊक होतं?"

बाबांनी काठीचं टोक जमिनीत रुतवलं. "मला काम शिकवलं ते पेद्रू मेस्त्री तेव्हा जिवंत होते. डोळे गेलेले. मी भोकं बुजवतोय हे कळलं तसे कुणाचातरी हात धरून देवळापर्यंत आले. बोलले, बस्त्याव, बुजवू नको, तिचा दम कोंडेल. मी चार माणसांत हसलो. बोललो, मेस्त्री, तुमचा चुन्याचा जमाना गेला. ते तसेच परत गेले. त्या पावसाळ्यात वारले."

मला तेव्हा कुठे उमगलं. त्या दिवशी हॉलमधून बाबा उठून गेले ते सुनेने अपमान केला म्हणून नव्हे. सुनेच्या तोंडून त्यांना पेद्रू मेस्त्री ऐकू आले होते, शब्दाला शब्द.

"मग चला, आत्ताच उघडू," मी उठलेच.

"आत्ता नको. उद्या शुक्रवार. क्रूसाच्या वाटेची प्रार्थना झाली की सगळं गाव तिथेच असेल." बाबांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "सगळ्यांसमोर बुजवली होती, मग उघडायची पण सगळ्यांसमोर."

मला भीती दोन गोष्टींची वाटली. एक म्हणजे उरलेत दहा दिवस, त्यातला एक उगाच घालवायचा. आणि दुसरी म्हणजे गाव या माणसाला काय बोलेल. पण त्यांचा चेहरा बघून मी वाद घातला नाही.

शुक्रवारी पाच वाजता क्रूसाची वाट संपली. माणसं बाहेर पडतायत तोच बाबा उत्तरेच्या भिंतीशी जाऊन उभे राहिले आणि त्यांनी टोपी काढली. फादर लिगोरी थांबले तसं सगळं गाव थांबलं. बाबांनी मला सांगितलं होतं ते जसंच्या तसं सगळ्यांना सांगितलं. धामण, भोकं, पेद्रू मेस्त्री, आणि आपलं हसणं. एक शब्द गाळला नाही, एक सबब दिली नाही.

"म्हणजे देवळाची ही दशा तुम्ही केली?" गर्दीतून कुणीतरी मोठ्याने विचारलं.

"होय. मी केली," बाबा म्हणाले. "सणाचा क्रूस आता दुसऱ्या कुणाच्या हातात द्या. पण देऊळ पाडू नका. आज मला मदत करा."

रुझार माझ्या बाजूला उभा होता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते त्याने लपवलं नाही.

बाबांनी दाराच्या उंबऱ्यापासून वितीने मोजायला सुरुवात केली. अकराव्या वितीला थांबले, खाली बसले आणि अंगठा दाबून म्हणाले, "इथे." पहारीने घाव घातला तर काचा गेल्याच म्हणायच्या, म्हणून ते मला म्हणाले, "घाव नको. फिरव." मी पहारीचं टोक ठेवून फिरवत राहिले, ते बाजूने छिन्नीने कोरत राहिले. अर्ध्या तासाने दगड हलला आणि बाहेर आला.

आत सुकी माती. बाकी काही नाही.

दुसरं भोक मोकळं केलं. तिथेही माती. मागे चुळबूळ सुरू झाली. "म्हाताऱ्याला आठवत नसेल," असं कुणीतरी पुटपुटलं. बाबांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. ते सरकत सरकत तिसऱ्या जागी बसले.

तिसरा दगड अर्धा सरकला आणि पाचोळ्याचा कुजका वास आला. मग दगडाच्या कडेने काळ्या पाण्याचा एक ओघळ उतरला. मी पहार रेटली. दगड उडून माझ्या पायाशी पडला आणि त्याच्यामागून पाणी आलं, मनगटाएवढी धार, पंचवीस वर्षांचं साठलेलं, काळंभोर. ते उतारावरून धावत सुटलं आणि बावखलात जाऊन पडलं. बायका लाल लुगड्यांचे काठ उचलून किंचाळत मागे सरल्या. सासूबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. त्या पाण्यात उभ्या राहून मोठ्याने ओरडल्या, "सांत आना गो, माझे माउली!"

मग कुणी कुणाला विचारत बसलं नाही. माणसं घराकडे धावली आणि पहारी घेऊन आली. बाबा वितीने मोजून जागा दाखवायचे, दोन-दोन जण तिथे बसायचे, आणि फादर लिगोरी झगा खोचून काचांखाली उभे राहून ओरडायचे, "हळू, हळू! घाव नको, फिरवा!" दिवेलागणीपर्यंत एकोणीसच्या एकोणीस भोकं उघडी झाली. नऊमधून पाणी वाहत होतं. मी पहिल्या कोरड्या भोकाशी वाकले तर माझा पदर सुळकन आत ओढला गेला. वारा आत शिरत होता. मी तिथेच बसून हसत सुटले आणि हसता हसता रडले.

पुढचे नऊ दिवस मी फक्त भिंतीला हात लावत राहिले. पट्टी रोज चार बोटं खाली उतरत होती. सगळं गाव ती उतरताना मोजत होतं.

झावळ्यांचा रविवार उजाडला. मिस्सा झाली, पण कुणी घरी गेलं नाही. हातात झावळ्या घेऊन सगळे उत्तरेच्या भिंतीशी दाटीवाटीने उभे राहिले. कर्णिक साहेबांनी शिडी मागवली. पहिली काच, दुसरी, तिसरी, चौथी. ते एकेकीवर टॉर्च मारत होते आणि मान हलवत होते. पाचव्या काचेशी थांबले. काचेवर आडवी काळी रेघ होती.

बाबांनी माझं मनगट पकडलं.

साहेबांनी खिशातून रुमाल काढला आणि रेघ पुसली. "पालीची शिट," ते म्हणाले.

गावभर हशा पिकला तरी मला हसू येईना. सहावी, सातवी. साबूत. मग ते खाली उतरले आणि टीपकागद भिंतीवर दाबत दाबत खाली आले. छाती, कंबर, गुडघा. कागद कोरडा. अगदी पायाशी, वीतभर उंचीवर, कागदावर ओलसर डाग उमटला.

"इथे ओल आहे," साहेब म्हणाले. त्यांनी वाकून एका भोकात हात घातला, आतला वारा लागला तसे जरा चकित होऊन थांबले, आणि उभे राहून फादरांकडे वळले. "नऊ दिवसांत एवढी उतरली असेल तर ही वीतभर पावसाळ्याआधी जाईल. आणि भिंत तर तसूभरही हललेली नाही. फादर, माझा अहवाल मी मागे घेतो. ज्यांनी ही बांधली त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं."

मग काय झालं ते मला सलग आठवत नाही. झावळ्या वर गेल्या एवढं आठवतं, शेकड्यांनी, आणि कुणीतरी धावत जाऊन घंटा वाजवायला लागलं, ती थांबेना. रुझारने मला लहान मुलीसारखं उचललं आणि सासूबाईंनी त्याला सगळ्यांदेखत धपाटा घातला. फादरांनी नव्या देवळाचा नकाशा फळ्यावरून काढला आणि पाठकोऱ्या कागदांसाठी शाळेला देऊन टाकला. आणि सणाच्या क्रूसाचं विचाराल, तर बाबांना मोठ्याने जाब विचारणारा तोच माणूस पुढे झाला आणि म्हणाला, "क्रूस बस्त्याव मेस्त्रीच धरणार. आपली चूक अशी कबूल करणारा गावात दुसरा कुणी असता तर त्याला दिला असता." बाबा मान खाली घालून उभे होते.

त्याला आता पस्तीसच्या वर पावसाळे झाले. देऊळ उभं आहे. भिंत कोरडी आहे. माझ्या हाताखाली चुन्याचं काम शिकलेले चौघे आज दुसऱ्या गावांतली जुनी देवळं दुरुस्त करत हिंडतात. पण मला विचाराल तर माझा विजय झावळ्यांच्या रविवारी झाला नाही. तो झाला ईस्टरनंतरच्या सोमवारी.

त्या दिवशी चुन्याचा गिलावा सुरू करायचा होता. रेवदंड्याहून शिंपलीचा चुना आला होता, गूळ आणि हिरड्याचं पाणी मुरत होतं, गावची वीस-पंचवीस माणसं कामाला जमली होती. सगळ्यांनी आपोआप बाबांकडे पाहिलं. एवढं मोठं काम, गावचा मेस्त्री समोर उभा, दुसरं कोण पुढे होणार?

"मला सिमेंट येतं," बाबा म्हणाले. "चुना तिला येतो."

मी परांचीवर चढले. हातात थापी होती. खाली सगळं गाव वर बघत होतं. मी भिंतीवर पाणी मारून घेतलं आणि माल मागवायला वळले, तर शिडीवरून डोक्यावर घमेलं घेऊन बाबाच वर येत होते. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात दुसऱ्याच्या हाताखाली घमेलं उचललं नव्हतं, तो माणूस. त्यांनी घमेलं माझ्या पायाशी टेकवलं, दम घेतला, आणि खाली सगळ्यांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाले, "मेस्त्री, माल आणलाय. कुठून सुरुवात करायची?"

मी वाकून चुना बोटांत घेतला आणि चोळून पाहिला.

"वरून," मी म्हटलं. "पण बाबा, माल पातळ झालाय. परत मळून आणा."

आणि बस्त्याव मेस्त्रींनी घमेलं परत डोक्यावर घेतलं आणि हसत हसत शिडी उतरायला लागले.